जंगली महाराज रस्ता, पुणे : चालणाऱ्यांसाठी उत्तम, सायकलस्वारांसाठी अपुरा

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची ख्याती बरीच वर्षे एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे त्याला खड्डे पडत नाहीत. रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला हा रस्ता 1976 साली तयार झाला, हमीची मुदत उलटून गेल्यावरही तो टिकला, आणि शहरात दुसरीकडे कुठे डांबर उखडले की या रस्त्याचे उदाहरण देण्याची पुणेकरांना सवय लागली. ते कौतुक योग्यच होते. मात्र त्यात सगळा भर चाकांखालच्या पृष्ठभागावर होता. कडेने चालणाऱ्याला किती जागा मिळते, बसची वाट पाहणारा कुठे उभा राहतो, हे कोणी मोजत नव्हते. 2016 च्या सुमारास पुणे महापालिकेने या रस्त्याची नव्याने आखणी हाती घेतली तेव्हा नेमकी हीच मोजमापे प्रथम विचारात घेतली गेली, आणि म्हणून त्या आखणीचे परीक्षण करणे मला आवश्यक वाटते. आपण कररूपाने विकत घेतलेली ही एक सेवा आहे आणि ती कशी आहे हे वापरणाऱ्यांनी सांगितले पाहिजे.

मी या रस्त्याने बहुतेक वेळा पायी जातो, पुष्कळदा बसने, अधूनमधून सायकलवर आणि क्वचित चारचाकीतून. या चारही नात्यांनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या गोष्टींचा निकाल आखणीतच लावून टाकला, त्या इथे आजही चांगल्या चालतात. आणि ज्या गोष्टी फलकांवर, रंगवलेल्या पट्ट्यांवर व लोकांच्या समजूतदारपणावर सोपवल्या, त्या बिघडल्या आहेत. पदपथ पहिल्या प्रकारात मोडतो, सायकल मार्ग दुसऱ्या.

आधी आखणीमागचा विचार समजून घ्यायला हवा. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी असतात आणि जागेची वाटणी त्या हिशेबाने व्हावी, असे केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटले आहे. पुणे महापालिकेने 2016 साली शहरी रस्त्यांच्या आखणीसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर ज्या रस्त्यांवर सर्वांत आधी दिसला त्यांत जंगली महाराज रस्ता आहे. त्या वेळी मोठी शंका एकच होती : पदपथ रुंद केले तर वाहनांची कोंडी होणार नाही का? शंका स्वाभाविक असली तरी तिचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडचे जुने रस्ते ठिकठिकाणी कमी-जास्त रुंद असतात, आणि रस्त्यातून तासाला किती वाहने जाणार हे त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर आणि चौकातल्या सिग्नलवर ठरते. नरसाळ्याचे तोंड कितीही मोठे केले तरी पाणी नळीच्या मापानेच उतरते. मध्ये कुठे रस्ता ऐसपैस असला तर त्या जास्तीच्या रुंदीत वाहने अस्ताव्यस्त उभी राहतात किंवा चालक दोन क्षण वेग वाढवून पुढच्या अरुंद जागी पुन्हा ब्रेक लावतात. म्हणून वाहनांच्या मार्गिका सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्या रुंदीच्या ठेवायच्या आणि उरलेली जागा पदपथ, झाडे, बसथांबे व आखून दिलेले वाहनतळ यांना द्यायची, हे या आखणीचे सूत्र आहे. ते शास्त्रशुद्ध आहे आणि या रस्त्यावर ते मनापासून अमलात आणलेले दिसते.

पदपथावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण या रस्त्याचे खरे यश तिथे आहे. चांगल्या पदपथाचे तीन पट्टे असतात. दुकानांना लागून एक पट्टा, जिथे लोक काचेतल्या वस्तू बघत थांबतात, पायऱ्या उतरतात, पादत्राणे घालतात. मध्ये मोकळा चालण्याचा पट्टा. आणि रस्त्याच्या कडेला झाडे, दिव्यांचे खांब, बाके, विजेच्या पेट्या, कचरापेट्या यांचा पट्टा. आपल्या शहरांतले बहुसंख्य पदपथ निरुपयोगी ठरतात ते हे तीन पट्टे एकमेकांत मिसळल्यामुळे. एक मीटर रुंदीच्या पदपथावर मधोमध खांब उभा असला की उरलेल्या जागेतून कोणी चालत नाही, सगळे खाली उतरतात, आणि मग पदपथ कोणी वापरतच नाही असे म्हणून तो आणखी लहान केला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मानकांनुसार चालण्याचा पट्टा किमान 1.8 मीटर अडथळ्याविना मोकळा असावा आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पहिला आकडा साध्या गरजेतून आला आहे : चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती आणि समोरून येणारी दुसरी व्यक्ती एकमेकांना जागा देत पुढे जाऊ शकली पाहिजे. दुसरा आकडा गुडघ्यांशी निगडित आहे, आणि ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

जंगली महाराज रस्त्यावर हे पट्टे वेगवेगळे ठेवलेले आहेत. जुनी मोठी झाडे न तोडता त्यांना कडेच्या पट्ट्यात सामावून घेतले आहे, काही झाडांभोवती बसायला जागा केली आहे, आणि मधला पट्टा इतका रुंद आहे की दोन मैत्रिणी गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकतात व तिसरा माणूस त्यांना ओलांडून जाऊ शकतो. ही बाब किरकोळ वाटेल, पण जिथे एकामागे एक चालावे लागते तिथे लोक फक्त कामापुरते चालतात, आणि जिथे शेजारी चालता येते तिथे फिरायला येतात. पदपथावर लहान मुलांसाठी खेळणी बसवण्याचा निर्णय सुरुवातीला अनेकांना विचित्र वाटला होता; रस्त्याच्या कडेला झोके-घसरगुंडीचे काय काम, असे विचारले गेले. मला तो या आखणीतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. ज्या पदपथावर पाच वर्षांचे मूल खेळू शकते तो सर्वांसाठी सुरक्षित असतो. शिवाय मुले आली की आजी-आजोबा येतात, ते आले की बाके लागतात, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत माणसांचा राबता राहिला की एकटीने चालणाऱ्या मुलीलाही धीर वाटतो. बालगंधर्व रंगमंदिरातला प्रयोग सुटल्यावर बाहेर पडणारे प्रेक्षक, संभाजी उद्यानात येणारी कुटुंबे, पाताळेश्वर लेणे आणि जंगली महाराज मंदिर इथले भाविक व प्रवासी, महाविद्यालयांतले विद्यार्थी अशी चालणाऱ्यांची मोठी संख्या या रस्त्यावर आधीपासूनच होती. त्यांच्यासाठी जागा केल्यावर ती जागा भरून गेली, यात नवल नाही.

दुकानदारांची सुरुवातीची भीती अशी असते की दारासमोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. दारासमोर एक चारचाकी उभी राहते तेवढ्या जागेतून मिनिटाला किती माणसे चालत जातात, हे उभे राहून मोजले तर या भीतीचा पुनर्विचार करता येतो. कपड्यांचे किंवा खाण्याचे दुकान हे पुष्कळ अंशी चालत्या माणसाच्या नजरेवर चालते; साठच्या वेगाने जाणाऱ्याला पाटीसुद्धा वाचता येत नाही.

पदपथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अंध व्यक्तींसाठी बसवलेल्या उंचवट्याच्या फरशांचा उपयोग त्या अखंड असल्या तरच होतो. काठी टेकत येणाऱ्या माणसाला त्या फरशीवर उभी केलेली दुचाकी किंवा दुकानाचा फळा लागला, की पुढे मार्ग कुठे वळतो याचा अंदाज त्याला राहत नाही. या अडथळ्यांना दंड करणे हा एक उपाय झाला, पण तो दररोज करावा लागतो. दुचाकी चढूच शकणार नाही अशा अंतरावर खांब रोवणे हा उपाय एकदाच करावा लागतो. जिथे खांबांमधले अंतर बरोबर राखले आहे तिथे दुचाकी चढत नाही, आणि जिथे एखादा खांब तुटून पडला आहे तिथून दुसऱ्या दिवसापासून दुचाकी चढू लागतात. अर्थात ते अंतर चाकाच्या खुर्चीला पुरेल इतकेही हवे, आणि हा समतोल साधणे कौशल्याचे काम आहे. पथारीवाल्यांचा प्रश्नही असाच आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना उपजीविकेचा हक्क दिला आहे. तेव्हा आखणी करतानाच त्यांच्यासाठी कडेच्या पट्ट्यात जागा आखून दिली, तर चालण्याचा पट्टाही मोकळा राहतो आणि त्यांच्यामागे सतत कारवाईचा ससेमिराही राहत नाही.

आता रस्ता ओलांडण्याविषयी, कारण पदपथ कितीही सुंदर असला तरी माणसाला कधी ना कधी पलीकडे जायचे असते. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता ही एकदिशा वाहतुकीची जोडी आहे. एकदिशा रस्त्यावर पादचाऱ्याला एकाच बाजूला पाहावे लागते, हा फायदा झाला. पण समोरून काही येणार नाही याची खात्री असल्याने चालक वेग वाढवतात, आणि एकाच दिशेच्या अनेक मार्गिका असल्या की एक वेगळा धोका निर्माण होतो : जवळच्या मार्गिकेतली गाडी सौजन्याने थांबते, तिच्या आडोशाने पादचारी पुढे सरकतो, आणि शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्या दुचाकीला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. यावर रंगवलेल्या झेब्रा पट्ट्यांचा फारसा उपयोग होत नाही. ओलांडण्याची जागाच पदपथाच्या उंचीला आणली, तर वाहनाला तिथे चढून उतरावे लागते व वेग आपोआप कमी होतो. शिवाय चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती सपाटीवरून पलीकडे जाते. या रस्त्यावर दोन चौकांच्या मध्ये अशा जागा अधिक हव्यात. वेग कमी होणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी 50 किलोमीटरने बसणारी धडक ताशी 30 किलोमीटरच्या धडकेच्या पावणेतीनपट जोराची असते. जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह याच गणितावर उभा आहे.

सायकल मार्गाकडे वळताना मला खेद होतो, कारण पुण्याची एके काळची ओळख सायकलींचे शहर अशी होती आणि या रस्त्यावर सायकलस्वाराला काही द्यावे ही इच्छा आखणाऱ्यांच्या मनात होती हे उघड दिसते. पण सायकल मार्ग पदपथाच्या पातळीवर आणि पदपथाला लागून दिला गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. चालणाऱ्याला रंग बदललेला कळत नाही, आणि गर्दीच्या वेळी कळला तरी तो जागा मिळेल तिथून चालणारच. त्यात त्याची चूक नाही. सायकलस्वाराला घंटी वाजवत, वळणे घेत, चालण्याच्या वेगाने जावे लागते, आणि मग तो खाली मोटारींच्या रांगेत उतरतो. त्याहून वाईट म्हणजे, एकदिशा रस्त्यामुळे ज्यांना लांबचा वळसा पडतो असे दुचाकीस्वार उलट दिशेने जाण्यासाठी हाच मार्ग वापरतात. त्यांच्या बेशिस्तीचे समर्थन मी मुळीच करत नाही, परंतु ज्या वाटेवर मोटारसायकल सहज चढते, सलग जाते आणि पुढे उतरते, त्या वाटेवर ती येणारच, हे आखणी करताना गृहीत धरायला हवे होते. नेदरलँड्समधल्या शहरांत सायकल मार्ग लाल डांबराचा, पदपथापेक्षा एक छोटी पायरी खाली आणि वाहनांपासून कठड्याने वेगळा असतो. पायरी पायाला जाणवते आणि माणूस विचार न करता आपल्या बाजूला राहतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. सायकल मार्ग चौकाशी आला की विरून जातो, आणि सायकलस्वाराला खरे संरक्षण हवे असते ते चौकातच. झाशीच्या राणीच्या चौकात किंवा बालगंधर्व चौकात डावीकडे वळणाऱ्या मोटारी आणि सरळ जाणारी सायकल यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. तिथे सायकलींसाठी थांबण्याची जागा पुढे हवी आणि चौकातून जाणारा पट्टा ठळक हवा. महापालिकेने 2017 साली संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच वर्षअखेरीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या भाड्याच्या सायकली पुण्यात दिसू लागल्या. काही काळ त्यांचे मोठे आकर्षण होते, नंतर त्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. सायकली आल्या आणि गेल्या, पण सायकलने घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत सलग जाता येईल असे जाळे तयार झाले नाही. दीड किलोमीटरचा एकटा मार्ग कितीही चांगला असला तरी त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे यावरच लोक सायकल बाहेर काढायची की नाही हे ठरवतात. मी माझ्या ओळखीच्या शाळकरी मुलांना या मार्गाने एकट्याने सायकल चालवा असे आज सांगू शकत नाही.

बसच्या प्रवाशाच्या वाट्याला या आखणीत चांगला पदपथ आला, आणि ते थोडके नाही. प्रत्येक बसप्रवास पायी सुरू होतो व पायी संपतो. पण बसला स्वतंत्र मार्गिका नाही. 2006 साली कात्रज-स्वारगेट मार्गावर देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखण्याच्या पद्धतीचा, एक आद्य प्रयोग पुण्यात झाला, 2015 पासून संगमवाडी-विश्रांतवाडीवर त्याची सुधारित आवृत्ती आली, त्यामुळे बसला अग्रक्रम देण्याची कल्पना या शहराला नवी नाही. पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या एका बारा मीटर लांबीच्या बसमध्ये पन्नास-साठ माणसे असतात. ती बस एकेका माणसाच्या मोटारींच्या मागे त्याच रांगेत उभी राहते, तेव्हा साठ जणांचा वेळ जातो. एकदिशा रस्त्यावर डावीकडची मार्गिका गर्दीच्या तासांपुरती तरी बससाठी राखता येईल. तसेच जिथे वाहनतळाची पट्टी आहे तिथे थांब्यापुरता पदपथ पुढे आणला पाहिजे, म्हणजे बसला आत वळावे लागत नाही, प्रवाशांना रस्त्यात उतरून उभे राहावे लागत नाही आणि बसची पायरी पदपथाच्या कडेशी येते. 2023 च्या ऑगस्टमध्ये गरवारे महाविद्यालयाच्या पुढचा मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके मुठेच्या काठाने या रस्त्याच्या मागे आली. आता या रस्त्याला जोडणाऱ्या गल्ल्यांना पदपथाचा हाच दर्जा मिळायला हवा. मुख्य रस्ता रुंद आणि स्थानकाकडे नेणारी गल्ली उभ्या वाहनांनी भरलेली, ही विसंगती लवकर दूर होणे गरजेचे आहे.

वाहनचालकाच्या नात्याने माझी तक्रार जवळजवळ नाही. मार्गिका सरळ आहेत, कुठे थांबायचे आणि कुठे नाही हे कळते. वाहनतळाच्या आखलेल्या जागा मात्र दिवसभर भरलेल्या असतात, आणि त्याचे कारण जागेची टंचाई एवढेच नाही. मोक्याच्या जागी फुकट किंवा नाममात्र दराने गाडी लावता येत असेल तर ती सकाळी लागते आणि संध्याकाळी निघते. अर्ध्या तासाच्या खरेदीसाठी आलेल्याला जागाच मिळत नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने 2018 साली वाहनतळ धोरण संमत केले होते, पण शुल्क आकारणीला मोठा विरोध झाला आणि मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरतीच त्याची व्याप्ती उरली. तासागणिक वाढते शुल्क हा या रस्त्याच्या आखणीचा अपूर्ण राहिलेला भाग आहे असे मी मानतो, आणि त्यातून येणारा पैसा याच रस्त्याच्या देखभालीला द्यावा असेही मला वाटते.

देखभालीची गरज खरोखर मोठी आहे. उखडलेली फरशी, सैल झालेले चेंबरचे झाकण, मोडलेले बाक, तुटलेली खेळणी यांकडे लक्ष द्यायला कायम नेमलेले माणूस हवे. 1976 च्या कंत्राटात दहा वर्षांची हमी होती. नव्या पदपथांच्या कंत्राटांतही इतकी दीर्घ जबाबदारी लिहून घेण्यास काय हरकत असावी? पाणी, वीज, केबल अशा सेवावाहिन्यांसाठी भूमिगत नळमार्ग आधीच टाकले, तर दर काही महिन्यांनी फरशी उचकटण्याची वेळ येत नाही, आणि उचकटलीच तर ती पूर्ववत बसवण्याची तारीख व जबाबदार अभियंत्याचे पद त्या जागी लावलेल्या फलकावर असावे.

इतर शहरांतले नगरसेवक, अभियंते आणि वास्तुरचनेचे विद्यार्थी हा रस्ता पाहायला येतात, आणि त्यांनी यावेच. त्यांना माझी विनंती आहे की सकाळी दहाला गाडीतून येऊन छायाचित्रे काढून परत जाऊ नये. शनिवारी संध्याकाळी सातला यावे, सोबत मोजपट्टी आणावी आणि विजेच्या पेट्यांजवळ व बसथांब्यांजवळ मोकळी रुंदी 1.8 मीटर उरते का ते मोजावे. एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीबरोबर आणि एखाद्या चाकाच्या खुर्चीबरोबर संभाजी उद्यानापासून डेक्कनपर्यंत जावे, मध्ये दोनदा रस्ता ओलांडावा, आणि परतीचा प्रवास सायकलने करून पाहावा. पदपथाचे तीन पट्टे, सारख्या रुंदीच्या मार्गिका, झाडांभोवतीची बाके आणि मुलांची खेळणी आपल्या गावी जरूर न्यावीत. सायकल मार्गाचा आराखडा मात्र इथून उचलू नये, तो आधी पायरी खाली उतरवून आणि चौकातून पलीकडे नेऊन मग काढावा.